दिशाच्या बापाची पाळी

हसू नका रे पोरांनो. नितेश सरांच्या तोंडून ऐकलंय मी. गणिताचा मास्तर तो, उगाच थापा मारणारा माणूस नाय.

गेल्या सालची माघातली अमावास्या. रोह्याकडचं आपलं सरकारी हायस्कूल. दहावीची पोरं परीक्षेआधी रात्री शाळेतच अभ्यास करतात, तिथंच झोपतात. घरी एक खोली, त्यात टीव्ही, बसणार कुठं? आणि राखणीला रोज एका पोराच्या बापाची पाळी. तुमचे बापही असेच दहावी पास झाले.

पण त्या साली बाप फिरकेनात. कुणाची धाटावच्या कारखान्यात नाइट शिफ्ट, कुणाच्या घरी हळद. मुख्याध्यापक वैतागले. "आज एकही पालक आला नाही, तर उद्यापासून अभ्यासिका बंद!"

सर संध्याकाळी घरोघर फिरले. "बघतो, सर." "उद्या नक्की, सर." सरांचं डोकं भणभणलं. मतदानाला शाळा हवी, पंगतीला शाळा हवी, पूर आला की झोपायला शाळा हवी. पोरांसाठी एक रात्र काढायची म्हटली की सगळ्यांची कंबर दुखते!

परतले तेव्हा अंधार पडला होता. व्हरांड्यात एक जण पाठमोरा बसलेला, डोक्यावरून घोंगडी.

"माजी पाळी हाय, सर."

झालं, सरांचा भडका उडाला. "आत्ता सुचलं? मेल्यावर येणार होतात काय?"

त्यानं घोंगडी आणखी पुढं ओढली. सर तणतणत आत गेले.

मध्यरात्र उलटली. वीज गेली. पोरं झोपलेली. दिशा तेवढी मेणबत्तीवर गणितं सोडवत होती. बाहेर पावलं वाजली. शाळेला एक फेरी. मग दुसरी. खिडकीशी थांबली.

खोकला.

दिशाचं पेन थांबलं.

"सर... बाबा."

दिशाचा बाप मोरू. दिवाळीत गाडीवरून पडून गेला. सरांनीच खांदा दिलेला.

पुन्हा खोकला...

सरांना उठवेना. काय बोलून बसलो आपण...

दिशानं डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या, सर. त्याची पाळी हाय." आणि पुढचं गणित घेतलं.

पहाटे दार उघडलं. व्हरांड्यात कुणी नाय. उंबऱ्याशी एक पातेलं, कोऱ्या चहानं भरलेलं. वाफ निघत होती. सर खिचडीच्या शेडकडे धावले. कुलूप तसंच, चावी त्यांच्याच खिशात. आत चूल गारढोण.

पोरं प्यायली. दिशा म्हणाली, "साखर जास्तच घातलेय. परीक्षा असली की घालायचा."

अकराच्या सुमारास मुख्याध्यापक आले. "काल कोण आलं होतं?"

"दिशाचे वडील."

"चेष्टा करता?"

सरांनी उरलेला चहा पेल्यात ओतला आणि पुढं केला. मुख्याध्यापकांनी पेला उचलला... आणि झटकन खाली ठेवला.

बोटं भाजली होती त्यांची.