एक नंबरची खुर्ची

"मॅडम, माझ्या वीस नंबरच्या खुर्चीवर बसलात तुमी!"

जवेरियानं चहाचा कप खाली ठेवला. कुवेतमधल्या सुलैबियाच्या त्या पत्र्याच्या गोदामात नमुन्याच्या शंभर रिकाम्या खुर्च्या वीस-वीसच्या पाच रांगांत मांडलेल्या, आणि ह्या महाशयांना नेमकी हीच हवी होती!

"ही एक नंबरची आहे. नकाशा मीच काढलाय."

"इथे एक. आबिदजानला वीस." त्यानं हसत नकाशा उलगडला. "तिथं माणसं डावीकडनं मोजतात..."

तिनं नकाशा ओढून घेतला. कुवेतच्या कामांची सवय – अरबीसारखं उजवीकडून सुरू करायचं! पश्चिम आफ्रिकेतल्या त्या शहरात फुटबॉल, शर्यती, गाण्याचे जलसे, सगळं एकाच छपराखाली होणारं स्टेडियम उभं राहत होतं, आणि तिथल्या वीस हजार खुर्च्यांचे नंबर तिनं उलटे घातले होते. नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवानाही गेला.

"साहेबांना सांगणार?" तिनं विचारलं.

"नंबरांच्या पाट्या अजून छापल्या कुठेत? आपण सुधारू. चहा मात्र रोज तुमचा."

हा जिब्रान. दापोलीचा. खुर्च्या बसवून घ्यायला दोन वर्षांसाठी आबिदजानला निघालेला.

तीन आठवडे ऑफिस सुटल्यावर दोघं नकाशावर वाकून बसले. बाहेर धुळीचं वादळ दारं वाजवायचं. आत तो तिची पेन्सिल पळवायचा आणि तिनं हात पुढे केला की देता देता उगीच क्षणभर धरून ठेवायचा. नंबर सुधारले, पाट्या छापून गेल्या. तिचं मन मात्र पुरतं बिघडलं. पण तो बोलेल तर शपथ!

आणि आता गुरुवार. रात्री अकराला त्याचं विमान. उद्या जुम्याच्या नमाजनंतर फिंतासला तिच्या घरी बघायला पाहुणे येणार होते, हे तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार?

दुपारी त्याची चिठ्ठी आली. 'चार वाजता. गोदामात, तिसरी रांग, एक नंबर. बोलायचंय.'

नमुन्याच्या खुर्च्यांवरचे नंबर काढून झाले होते. रांगांच्या मधोमध खोक्यांची भिंत रचली होती. जवेरिया डाव्या टोकाला जाऊन बसली. त्याच्या हिशोबानं एक नंबर तिथेच ना!

चार दहा... चार वीस... पत्र्याखाली फोनला रेंज नाही. ओढणीचं टोक पिळून पिळून चुरगळलं. त्यानं विचार बदलला असेल. गेलासुद्धा असेल... साडेचारला ती उठली. डोळे भरून आले होते, आणि बाहेर जायचा रस्ता खोक्यांना वळसा घालून होता.

उजव्या टोकाच्या खुर्चीवर जिब्रान डोकं धरून बसला होता.

"तुम्ही इथं?" ती ओरडलीच.

तो ताडकन उठला. "चारपासनं! तुमी येत नाय म्हणून जीव निम्मा झाला माझा. तुमचा एक नंबर उजवीकडं ना... तुमच्या हिशोबानं बसलो."

"आणि मी तुमच्या!"

दोघं हसले. हसता हसता तिला रडूच फुटलं. "उद्या मला बघायला येतायत..."

त्याचा चेहरा उतरला. "होकार देणार?"

"तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

"माझं प्रेम आहे तुमच्यावर, जवेरिया." तो एका दमात म्हणाला. "पहिल्या चहापासनं. पण मी दोन वर्षं तिकडं... थांबा म्हणायची हिंमतच होईना."

"मी थांबेन. प्रेम काय तुम्हालाच करता येतं?" तिनं डोळे पुसले. "अब्बा असरच्या नमाजनंतर घरीच असतात. गाडी काढा."

"आत्ता?" त्यानं घड्याळ पाहिलं. "बॅगसुद्धा भरली नाय! आणि अब्बा नाय म्हणाले तर?"

तिलाही तीच भीती होती. तरी तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि दाराकडे निघाली.

"तर दुसऱ्या टोकापासून मोजू. अम्मीपासून."