जुन्या काचेतली वाटी

मी खोटं बोलत असेन तर माझ्या लेन्सला बुरशी लागो. तशी ती लागलेलीच आहे, पण आधीपासून. तिचा या शपथेशी संबंध नाही. शिवाय त्या दिवशी मी आंबिलीशिवाय काही प्यायलो नव्हतो. म्हणजे, शेतात पोचल्यावर नव्हतो.

येळवस होती. मार्गशीर्षातली ही अमावस्या आली की आमच्याकडं गावं ओस आणि शेतं भरलेली. माझा फोटो स्टुडिओ कळंबला, सासरचं शेत तिथून जवळच. मेहुण्यानं, धनाजीनं, नवीकोरी लेन्स घेतली होती आणि माझी जुनी काच त्याच्या डोळ्यांत खुपत होती. पैज लागली. एकच कॅमेरा, एकच जागा, दोन्ही लेन्सांनी घरच्यांचा एकेक फोटो. ज्याचा पुसट येईल त्यानं डोक्यावर घोंगडी, घोंगडीवर आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, घेऊन, नाचत, गावातून घरी न्यायचं.

सासूबाईंना, कस्तुराबाईंना, पैजेचं कौतुक नव्हतं. सासरे धोंडीबामामा जाऊन वर्ष होत आलं, तरी भिंतीवरचा खिळा रिकामाच. हा माणूस फोटोत कधी थांबलाच नाही. बटण दाबलं की मान विहिरीकडं, नाहीतर बैलाकडं. धोतर लख्ख, तोंडाचा धुरळा.

"जावईबापू, एवढ्या लेन्सा तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "मी हार घालू कुठं? धुरळ्याला?"

दिवस कलला. कडब्याच्या खोपीत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, पुढं भज्जी-आंबिलीचा नैवेद्य. खोपीसमोर सगळे ओळीनं बसले. धनाजीच्या लेन्सनं फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला. मागच्या ज्वारीच्या कणसातला दाणा न दाणा दिसत होता.

"दाजी, घोंगडी घ्या डोक्यावर," धनाजी म्हणाला.

मी माझी लेन्स चढवली. वारा पडलेला. तरी खोपीचा कडबा आतून सळसळला... आणि बिडीचा वास आला. मामांच्या बिडीचा. लेन्सची कडी फिरवत मी फोकस माणसांवर आणत होतो. कडी बोटांखालून आपसूक सरकली, फोकस मागं गेला, खोपीच्या अंधारावर थांबला. मी बटण दाबलं.

पुढचे सगळे धुरळा झालेले. आणि मागं, खोपीच्या दारात, मामा. मिशीचा केस न केस. मान सरळ. हातात आंबिलीची वाटी, काठोकाठ.

धनाजीनं आपला फोटो पुन्हा उघडला. दारात कुणीच नव्हतं... पण कडब्यावर सावली होती. रेखीव. मिशीसकट.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि त्याच पदराआड हसायला लागल्या.

"आत्ता सवड झाली व्हय थांबायला?"

मग सगळेच हसले. हेंडगा पेटवला, जळता कडबा घेऊन पोरं शेताभोवती धावली, आणि पैज अर्थातच मी जिंकलो. धनाजी बिंदगं घेऊन असा नाचला की बँडवाल्यानं लाजावं.

आता थाप कुठली ते सांगून टाकतो. पैज मी हरलो. घरच्यांचा फोटो माझाच पुसट होता, नाचलो मीच. बाकी सगळं खरं, फोटो खिळ्यावर आहे, जाऊन बघा. फक्त वाटी काठोकाठ म्हणालो ना, ती परवा पाहिली तर अर्ध्याच्या खाली गेलीय.

सासूबाईंनी यंदासाठी मोठं बिंदगं आणून ठेवलंय.