धरलेला दोर

डोंगरमाथ्यावरच्या सरोवराला थोपवून धरणारा बर्फाचा बांध आता कधीही फुटेल, असं सगळेच म्हणत होते. पण खालची वस्ती हलवायची तर कचेरीला आकडा हवा होता. तो आणायला तिघं निघाले होते: मोजणीदारीण, वाटाड्या असलेला तिचा मामा आणि पाठीवर पाणी मोजणाऱ्या यंत्राची पेटी घेतलेला, तोंडाचा पट्टा कधी बंद न पडणारा रेडिओवाला.

तिसऱ्या दिवशी ते निसरड्या कड्यापाशी आले आणि मोजणीदारणीचे पाय थिजले. दोन वर्षांपूर्वी मामा इथंच घसरला होता. तेव्हा ती मदतनीस होती. दोर तिच्या हातात होता, आणि तो सुटला. मामाचा पाय कायमचा अधू झाला. कचेरीच्या अहवालात एकच ओळ आली : ‘मदतनिसाने दोर सोडला.’ ती ओळ तिला तोंडपाठ होती.

“मामा, दोर रेडिओवाल्याकडे दे. माझा माझ्या हातांवर भरवसा नाही.”

लंगडत पुढे येऊन मामानं तिचे हातमोजेच ओढून काढले. दोन्ही तळव्यांवर आडवे, गुळगुळीत वण!

“हे कशानं झालं?”

“दोरानं.”

“सोडलेला दोर भाजतो होय गं? वीस हात दोर तुझ्या मुठीतून घासत गेला, म्हणून मी सावकाश पडलो. नाहीतर माझी हाडंसुद्धा सापडली नसती! अहवाल लिहिणारा तेव्हा कुठं होता? खुर्चीत!”

दोन वर्षं लाजेनं झाकलेल्या त्या वणांकडे ती बघत राहिली. मग तिला संताप आला. कड्याचा नव्हे, त्या ओळीचा, आणि ती मुकाट्यानं घोकत बसलेल्या स्वतःचा. छाती धडधडत होतीच.

“धडधडू दे,” ती म्हणाली. “अंग कामाला लागलंय!”

ती पहिली वर चढली. मागोमाग मामा. रेडिओवाला अर्ध्यावर आला आणि वारा उठला. पायाखालचा बर्फ कडाडला. तो घसरला! दोर ताणला. ती फरफटली. एक हात, दोन हात. टाच खडकाच्या खाचेत रुतली. थांबली!

“ताई, पेटी खाली ओढतेय!”

“पट्टा काप!”

“यंत्र जाईल! साहेब...”

“साहेबांचं मी बघते. काप म्हणते ना!”

पेटी आदळत, आपटत दरीत गेली. दोघांनी त्याला इंचाइंचानं वर ओढलं. धापा टाकत तो म्हणाला, “आता मात्र जेवण कमी करीन म्हणतो.”

सरोवराकाठी तिनं काठीवर खुणा केल्या आणि मोजलं. पाणी बांधाच्या माथ्याखाली जेमतेम दीड हात. तासाभरानं पुन्हा मोजलं. चार बोटं चढलं होतं!

रेडिओतून कचेरीतल्या साहेबांचा आवाज खरखरला, “यंत्रानं काय दाखवलं?”

“यंत्र दरीत आहे, माणूस वर आहे. आकडा मी काठीनं काढलाय, आणि तो माझ्याच नावावर लिहा. बांध उद्या दुपारपर्यंत टिकणार नाही. वस्ती हलवा!”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि साहेबांनी गाड्या काढायला सांगितलेलं तिघांनीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांध फुटला. पाणी गर्जत घराघरांत शिरलं, पण त्याला तिथं एक कोंबडीसुद्धा सापडली नाही!