शपथेवर खरं सांगते

आमच्या मिनेसोटातल्या कोर्टाचा बाक इतका अरुंद, की शेजारच्याशी न बोलणं हाच उद्धटपणा. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता, आणि शेजारच्या उंच माणसाच्या बुटांनी तो निम्मा आत आणला होता.

"ज्युरीला बोलावलंय की नांगरणीला?" मी विचारलं.

"दोन्हीकडे नाही म्हणायची सोय नाही," तो हसला. "मी आर्ने. लिंबाची वडी घेता? आईनं केलीय."

घेतली. मग तो बोलत गेला आणि मी मान डोलावत गेले... मी, कोरा, जी सख्ख्या बापाचं ऐकत नाही. "तुला कोण घेतंय ज्युरीत," असं बाबा म्हणाले होते, म्हणून मला तर ती जागा हवीच होती.

खटला चोरीचा. बारा जणांची निवड व्हायची होती; आधी खरी उत्तरं देण्याची शपथ झाली, आणि खुर्च्या आम्हाला शेजारशेजारच मिळाल्या. बचावाचे वकील एकेकाला पारखत माझ्यापाशी आले. "बाकीचे अकराही विरोधात गेले, तरी स्वतःच्या मतावर ठाम राहाल?"

"राहीन. पण..."

गप्प बसले असते, तर जागा मिळाली असती आणि खटलाभर तोही. पण शपथ म्हणजे शपथ.

"...त्या अकरांत हे शेजारचे असतील, तर सांगता येत नाही."

"ओळखता यांना?"

"सकाळपासून."

"मग अडचण काय?"

"यांचं बोलणं संपायच्या आधीच मला पटलेलं असतं."

कोर्टात खसखस पिकली. माझे कान तापले, पण मान मी ताठच ठेवली.

"खरं बोललात, आभार," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुम्ही जाऊ शकता."

गेली जागा. मी कोट उचलला.

बाई आर्नेकडे वळल्या. "आता अडचण मिटली. तुम्ही तरी नीट लक्ष देऊन ऐकाल ना?"

तो उठला. लालबुंद झाला होता. "नाही, बाईसाहेब. या त्या दारातून गेल्या, की माझं लक्ष त्यांच्या मागोमाग जाणार. मीसुद्धा शपथेवर आहे."

"जा," बाई हसू दाबत म्हणाल्या. "दोघंही जा."

बाहेर पायऱ्यांवर तो घुटमळला. "आता शपथ नाही. खुशाल नाही म्हण... पण माझ्याबरोबर जेवायला येशील?"

मी त्याचा हात धरला. मला तो आवडला होता, आणि हे भर कोर्टात सांगून झाल्यावर पायऱ्यांवर कसलं लाजायचं?

"चल," मी म्हणाले, "आणि वाटेत बाबांचं दुकान लागतं. त्यांना दाखवते, मला कोणी घेतलं ते."