रविवार, दुपारी तीन

"इथले ते पंधरा खेळाडू फार भारी आहेत म्हणे?"

माझ्या मागून कोणीतरी विचारलं आणि मेव्हिसबाईंच्या पाईच्या दुकानासमोरच्या अख्ख्या रांगेच्या भुवया चढल्या. डोक्यावर भुरभुर पाऊस, दुकानाच्या काचेवर गरम पाईची वाफ... आणि हा कोण दीडशहाणा?

"तेरा," मी मागे न वळताच म्हटलं. "रग्बीचे दोन प्रकार. पंधरा असतात ते त्या दुसऱ्या रग्बीत. आमच्या क्रॅगथॉर्प गावात पंधरा म्हणालात तर उपाशी राहाल."

"बरं, तेरा! आता तरी पाई मिळेल?"

मी वळले. कोट भिजलेला, केसांतून पाणी निथळतंय, आणि डोळे इतके हसरे की पुढचा टोमणा मी विसरूनच गेले.

"घे रे राजा," म्हणत मेव्हिसबाईंनी त्याच्या हातात मटणाची पाई ठेवली, वर घोटलेले हिरवे वाटाणे. तशीच एक मला दिली. आम्ही दोघं छपराखाली उभे राहिलो. खांद्याला खांदा लागत होता, आणि कोणीच सरकत नव्हतं.

आमच्या गावात रांगेतला माणूस परका नसतो. नाव कळायच्या आधी घरचं सगळं सांगून झालेलं असतं. मीही सांगत सुटले. मी रग्बी क्लबांच्या संघटनेत आहे, सामने टीव्हीवर दाखवण्याच्या हक्कांची बोलणी उद्या मीच करणार आहे, आणि चॅनेलला रविवार दुपारचे सगळे सामने गुरुवार-शुक्रवारी संध्याकाळी हवेत.

"माझे बाबा बस चालवतात. आठवडाभर संध्याकाळची पाळी, सुट्टी फक्त रविवारी. आई गेल्यापासून बाबा फारसं बोलत नाहीत हो... पण रविवारी आम्ही मैदानापर्यंत चालत जातो ना, तेव्हा बोलतात. सगळं बोलतात. तो रविवारच गेला तर—"

"मग देऊ नका ना रविवार," तो हळूच म्हणाला.

"म्हणायला काय जातंय! बोली लावणारं चॅनेल एकच आहे. ते अडून बसले तर झक मारत सही करावी लागेल. नाहीतर निम्मे क्लब बंद पडतील."

तोंडाशी नेलेली पाई त्याने खाली घेतली. "हे... तुम्ही मला सांगायला नको होतं."

"का? चॅनेलवाले आहात की काय?" मी हसले. तो हसला नाही.

"माझं नाव ह्यूगो. उद्या तुमच्यासमोर मीच बसणार आहे."

जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर दारही नाही! मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाई दुकानाच्या कट्ट्यावर तशीच टाकून तरातरा निघाले, तर मागून हाक आली, "अहो, तुमची पाई!"

"खा तुम्हीच! दोन्ही खा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेल्यासारखी बोलण्यांच्या खोलीत शिरले. समोरच्या खुर्चीत करड्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या.

"मी चॅनेलची मिसेस विटकम. ह्यूगोने हे काम काल सोडलं," त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "महिनाभर तयारी केली आणि ऐनवेळी हात वर केले. कारण म्हणे सांगता येणार नाही. बसला आता बागेतल्या म्हाताऱ्यांच्या लाकडी चेंडू घरंगळवायच्या खेळाचं चित्रण करत!"

मी खुर्चीची कड घट्ट धरली. म्हणजे त्याने माझं गुपित कुणालाच सांगितलं नव्हतं... आणि ते ठाऊक असताना माझ्यासमोर बसणंही त्याला पटलं नव्हतं. वेडा कुठला!

मग कुठून बळ आलं कोण जाणे. गुरुवार दिला, शुक्रवार दिला. "पण प्रत्येक गावाचे निम्मे सामने रविवारी, दुपारी तीनलाच," मी म्हटलं.

"नाहीतर?"

"नाहीतर सही नाही."

खिडकीवर पाऊस टपटपत होता. चहा गार झाला. मी गप्प राहिले... जन्मात पहिल्यांदा!

"ठीक आहे," त्या अखेर म्हणाल्या. "रविवार तुमचा."

त्या रविवारी ऊन पडलं होतं. बाबा नि मी बोलत बोलत मैदानाच्या फाटकापाशी आलो, तर तो उभा. हातात दोन पाई.

"एक तुमची राहिली होती," ह्यूगो म्हणाला.

"एवढं मोठं काम सोडलंत? माझ्यासाठी?"

"समोर बसून तुम्हाला हरवणं... नसतं जमलं मला. शेजारी बसायला मिळालं तर बघा."

माझे कान तापले. बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एल्सी, पंधरा म्हणाला तो हाच का गं?"

"हाच, बाबा."

"शेजारी बसायचं नाही हां, पोरा. आमच्याकडे सामना उभ्याने बघतात. चल."

आम्ही तिघं कठड्याला टेकून उभे राहिलो. आमचे खेळाडू धावत मैदानात आले, गाव गरजलं.

"आधी मोज," मी त्याच्या कानाशी म्हटलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "चुकलास तर घरी जायचं."

तो अगदी मन लावून मोजू लागला. दहा... अकरा... बारा...

"तेरा," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला. बाबा मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. मी हात सोडवला नाही.