न दिलेला निकाल

न्यायमूर्ती मालिनी केळुसकर यांची बदली एका निकालामुळे झाली. तो निकाल त्यांनी अजून दिलाच नव्हता.

खटला जनार्दन तांडेल यांचा होता. समुद्रतळावरच्या खाणीला विरोध केला म्हणून सरकारने त्यांना विनाचौकशी डांबले होते. सुनावणीच्या आधी विधी खात्याने केळुसकरांच्या ‘मनबिंबा’ला प्रश्न विचारला. ‘सुटका करतील’ असे उत्तर आले, आणि केळुसकरांना भाडेतंट्यांच्या लवादावर धाडण्यात आले.

मनबिंब म्हणजे न्यायाधीशाच्या विचार करण्याच्या सवयीची संगणकातली प्रतिकृती. जुने निकाल, सुनावणीत विचारलेले प्रश्न, कोणत्या मुद्द्याला लेखणी थांबली, यांवरून ती तयार होई. खटल्याला किती वेळ लागेल याचा अंदाज यावा, एवढ्यासाठीच डॉ. इनायत मुकादम यांनी ती बनवली होती.

केळुसकरांनी कोलंबोच्या दक्षिण आशियाई मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. मुकादम त्यांचे साक्षीदार होते. मधल्या सुटीत दोघे चहा घेत होते.

“म्हणजे माझ्या मनातलं तुमच्या यंत्राला माझ्याआधी कळतं?”

“मनातलं नाही, मॅडम. सवय कळते. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.”

“आणि पुरत नाही तेव्हा?”

“तेव्हा समोरच्या वकिलाने तुम्हाला खरोखर पटवलेलं असतं.”

“असे वकील मला फार भेटले नाहीत,” केळुसकर म्हणाल्या.

दुपारी सरकारच्या वकिलाने केळुसकरांना एकच प्रश्न विचारला: बिंबाचे उत्तर बरोबर होते का? हो म्हटले, तर त्यांनी बाजू न ऐकताच मत बनवले होते. नाही म्हटले, तर खात्याची चूक झाली एवढेच. त्यात दडपण कुठले?

“मला माहीत नाही,” केळुसकर म्हणाल्या. “दुसरी बाजू मी ऐकलेलीच नव्हती.”

या उत्तरावर त्या जिंकल्या. न दिलेल्या निकालाची शिक्षा होऊ लागली, तर प्रत्येक न्यायाधीश आपल्या बिंबाला भिऊन वागेल, असे न्यायालयाने म्हटले. बदली रद्द झाली, बिंबांवर बंदी आली आणि तांडेल यांचा खटला पुन्हा केळुसकरांपुढे आला.

सरकारची बाजू लंगडी होती. वकील दोन मुद्दे मांडून खाली बसला. आणखी काही सांगायचे आहे का, असे केळुसकरांनी त्याला विचारले. पुढच्या तारखेलाही विचारले. घरी त्या सरकारच्या बाजूचे जुने दाखले स्वतःच शोधू लागल्या.

एकदा मुकादम भेटायला आले.

“बिंब तर पुसून टाकलं, मॅडम. आता कोण बघतंय?”

“मी बघते. सुटकेचा मुद्दा पटला की वाटतं, हे मला पटलं की माझ्या सवयीला? उलट काही पटलं असतं, तर ते नक्की माझं असतं.”

“आणि पटलंच नाही तर?”

केळुसकरांनी जुन्या दाखल्यांचा पुढचा खंड उघडला.

पुढच्या तारखेला तांडेल यांची बायको गुलाब परवानगी न मागताच उभी राहिली.

“मॅडम, तुमची बदली रद्द झाली तेव्हा आम्ही कोळीवाड्यात पेढे वाटले. यांना कधी सोडता ते सांगा. नाहीतर नाही सोडत म्हणा, आम्ही वरच्या कोर्टात जातो.”

सरकारी वकिलाने मुदत मागितली नव्हती. केळुसकरांनी त्याला आणखी दोन आठवडे दिले.