सातव्यांदा ऐकलेला धडा

घशात घास अडकला तर काय करायचं, हे कामगारांना शिकवता शिकवता तिचा स्वतःचाच घसा सहा वर्षांत कोरडा पडला होता. या कारखान्यात ती दर महिन्याला यायची. समोरचे जांभया देत, आणि मागच्या रांगेतला एक वेल्डर तर चक्क डुलक्या काढी. तिने मनातल्या मनात त्याला कुंभकर्ण म्हणून टाकलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी तरी किती ओतायचं? आज तिच्या पर्समध्ये राजीनामा होता.

वर्ग संपवून ती कॅन्टीनमध्ये सफरचंद खात बसली, आणि फोड घशात अडकली. श्वास नाही, आवाज नाही... तिने दोन्ही हातांनी गळा धरला. आत्ताच शिकून आलेली माणसं, पण कोणी पाणी पुढे केलं, कोणी टाळूवर चापट्या मारल्या!

“पाणी नको! सरका!”

कुंभकर्णच तो. त्याने तिला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा दिल्या. काही नाही. मग मागून कवेत घेतलं, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर हिसका दिला. एक... दोन... तिसऱ्याला फोड बाहेर पडली.

ती कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिली.

“तुम्ही... तुम्ही तर झोपता!”

“रात्रपाळी करून येतो हो, डोळे मिटतात. कान उघडे असतात.”

“झोपेत ऐकून एवढं पाठ?”

“आज सातव्यांदा ऐकलं ना. वर्गाला बसायची माझी पाळी वर्षातून एकदाच... बाकीच्यांना कंटाळा, मग त्यांच्या पाळ्या मी मागून घेतो.”

“कशाला?”

तो गोरामोरा झाला. “तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं. म्हणजे — तुम्ही आवडता मला. आता उठा. पोटावर दाब दिला की डॉक्टरांना दाखवायचंच, तुम्हीच सांगता.”

सहा वर्षं वाया गेली नव्हती तर! तिला रडू आलं. पण दमायची ती दमलीच होती.

“मी ही नोकरी सोडतेय,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. “मग... मी कुठे येऊ?”

“घरी या. रविवारी.” तिने त्याच्या हाताचा आधार घेतला. “फक्त आधी तुम्हाला माझ्या आईशी बोलावं लागेल. ती माझ्यासारखी मवाळ नाही.”